पडवीतले परीक्षक

आमच्या घरात विनोदी कार्यक्रम कुणी गप्प बसून बघत नाही. टीव्ही माजघरात, बघणारे माजघरापासून पडवीपर्यंत पसरलेले, आणि जो तो आपलं मत टीव्हीच्या वरच्या पट्टीत सांगणार. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर सोफ्यावर बसून प्रहसन झाल्यावर बोलतात ना, तसे आमच्याकडे पाच-सहा परीक्षक आहेत. फक्त आमचे प्रहसन चालू असतानाच बोलतात, आणि हसायला ते कुणाला बांधलेले नाहीत.

मुख्य परीक्षक आत्या. वय पंच्याऐंशीच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याच घरात राहिली. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरकडे जाणारी आंबेनळी घाटाची वाट चढायला लागते त्या बाजूची. रेंज पाण्याच्या टाकीजवळ मिळते, पण डिश प्रत्येक घरावर आहे. आत्याला एक डोळा अधू, कानाने मात्र ती खळ्यात पडलेली सुपारी ओळखते.

'चला हवा येऊ द्या' झी मराठीवर 2014 मध्ये सुरू झालं आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं चाललं. त्यात थुकरटवाडी नावाचं गाव होतं. सिनेमावाले आपल्या नव्या सिनेमाची जाहिरात करायला त्या गावात येत आणि निलेश साबळे त्यांचं स्वागत करीत. आत्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ह्या गाव कुठल्या तालुक्यात हाय?"

म्हटलं, "खोटं गाव आहे आत्ये, स्टुडिओत."

"तरीच. पाव्हनं येतात, जातात, कुनी पानी इचारत न्हाय."

मी हसलो, पण नंतर बघताना ते माझ्या डोक्यातून जाईना. खरंच, त्या गावात शेत नव्हतं, गुरं नव्हती, कुणाची मुंबईहून मनीऑर्डर येत नव्हती. गाव म्हणजे फक्त मागचा पडदा. त्या गावाला गावपण यायचं ते एकाच वेळी, सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचा तेव्हा. आत्याला ते पत्र आवडत नसे, म्हणजे रडत असे पण आवडत नसे. "हसवायचा आनि मंग रडवायचा, जेवल्यावर औषिद दिल्यासारा." इथे माझं आणि तिचं पटलं नाही. माझ्या मते तासाभरात तेवढाच माणूस खऱ्या पत्त्यावरून आलेला असायचा.

पुरुषांनी साडी नेसण्यावर आमच्याकडे एकदा मोठं रण झालं. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, सगळेच आलटून पालटून लुगड्यात यायचे. माझ्या चुलतभावाला, जो मुंबईला माथाडीत होता आणि आता गुडघ्यामुळे गावी आहे, त्याचा भारी राग. "बाप्याने लुगडं नेसायचं आणि आपण हसायचं, दुसरा विनोदच उरला नाही काय यांच्याकडं?" मला वाटलं आत्या त्याच्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "शिमग्यात तू सोता नेसलावतास की रं." ते खरंच होतं. आमच्याकडे शिमग्याच्या सोंगात, नाटकात बाई पुरुषच व्हायचा, कारण बायकांनी रात्री उभं राहायची सोय नव्हती. तेव्हा ते लुगडं गरजेचं होतं, आणि नेसणारा ते जपून नेसायचा. कुणाची तरी आई, कुणाची तरी भावजय होऊन उभा राहायचा. आत्याचा आक्षेप वेगळाच निघाला. "ती बुगड्यांची पोरगी बसल्ये ना थितं, येवढी गुनाची. बाई हाय तर बाप्याला लुगडा कशाला?" श्रेया बुगडे तिची लाडकी. पुढे हास्यजत्रेतल्या विशाखा सुभेदार आणि नम्रता संभेराव यांनाही तिने पास केलं. नम्रता दिसली की आत्या पाय जवळ घेऊन नीट बसते.

वहिनी जास्त बोलत नाही, पण तिचं एक मत आहे आणि ते तिने सगळ्या वाहिन्यांना लावलंय. कुणाच्या काळ्या रंगावर, जाडीवर, टकलावर विनोद झाला की ती उठून भाताकडे जाते. तिची थोरली सावळी आहे, दोन ठिकाणांहून नकार आलेला. वहिनी रागावून जात नाही. नुसती जाते. आणि परत येऊन विचारते, "झालं?" एका कार्यक्रमात वहिनी किती वेळा उठली यावरून त्याची पत ठरवायची, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. लिहिणाऱ्यांना काही सुचलं नाही की ते माणसाच्या अंगाकडे बघतात. वहिनी चारदा उठली तर समजावं की त्या आठवड्यात त्यांना काहीच सुचलेलं नाही.

भाषेचं तर विचारूच नका. टीव्हीवर कोकण म्हटलं की मालवणी. मच्छिंद्र कांबळी यांनी 1980 पासून गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' इतकं गाजवलं की महाराष्ट्राने ठरवून टाकलं, कोकणी माणूस असाच बोलतो. 2017 मध्ये 'गाव गाता गजाली' आली, तीही सिंधुदुर्गातली. मालिका चांगली होती, माणसं खरी होती, पण आमच्या पडवीला त्यातलं अर्धं समजायचं नाही. आमची गोष्टच अशी की मुंबई आम्हाला कोकणी म्हणते, आणि खालचा कोकणी आमचं हाय-न्हाय ऐकून घाटी म्हणतो. सगळ्या टीव्हीत आमच्यासारखं बोलणारं कुणी नाही याचं आम्हाला वाईटही वाटत नव्हतं, कारण तशी सवयच नव्हती. हास्यजत्रेत प्रभाकर मोरे आले आणि आत्या पडवीतून उठून माजघरात आली. "ह्यो कशेडीच्या खालचा!" म्हणाली, जसं काही ती त्यांच्या घरी पाणी पिऊन आली होती. कशेडी घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा, म्हणजे भाषा तंतोतंत आमची नव्हे, पण चुलत नात्यातली. मला विचाराल तर मोऱ्यांचा कोकणी माणूस आवडण्याचं कारण भाषा एवढंच नाही. तो बावळट नाही. तो हट्टी आहे, मानी आहे, चटकन दुखावतो, आणि आपलं बरोबर आहे याची त्याला बालंबाल खात्री असते. असला माणूस आमच्या प्रत्येक वाडीत निदान एक असतो, आणि बांधाच्या भांडणात तोच पुढे असतो. त्याला हसताना आपण कुणाला तरी ओळखतोय असं वाटतं.

हास्यजत्रेला मी डोक्यावर घेतोय असं नाही. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची मंडळी कसलेली. समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी आमची पुतणी लोळते. पण बरीच प्रहसनं शेवटाला येऊन फसतात. सुरुवात एखाद्या घरातल्या साध्या अडचणीची, मध्ये रंग चढतो, आणि मग शेवट सापडत नाही म्हणून सगळे एकदम ओरडायला लागतात. एकदा चाललेलं वाक्य पुढच्या सहा आठवड्यांत शिळ्या भाकरीसारखं परत परत तव्यावर. आणि कॅमेरा सारखा सोफ्याकडे, ते हसले का बघायला. नव्वदीत हिंदी विनोदी मालिकांतून मागे हशा वाजायचा, तेव्हा आत्या दाराकडे बघून म्हणायची, "कोन आला?" हशा वाजला की बाहेर कुणी आलंय असं तिला वाटायचं. आता सोफा दिसतो, तर म्हणते, "त्यांना हसू दे, मंग सांग मला."

हे सगळं लिहिताना मला आठवतात ते बाबा. बाबांनी टीव्हीवर मत असं कधी दिलंच नाही. ते उठून जायचे, किंवा बसायचे. वहिनीने हे त्यांच्याकडून घेतलं असावं.

बाबा मुंबईला घरगडी होते. आमच्या पट्ट्यातले कितीतरी पुरुष त्या काळी गिरण्यांत, दुकानांत, गोदीत, आणि ज्यांना कुठेच चिकटता आलं नाही ते घरकामाला. ज्या घरी बाबांनी वीसेक वर्षं काढली तिथे त्यांना 'रामा' म्हणत. त्यांचं नाव रामा नव्हतं. मुंबईत गड्याला रामाच म्हणायची रीत होती, आधीचाही रामा, नंतरचाही रामा. नाटका-सिनेमांतही तो रामा असे. खांद्यावर फडका, अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, सांगितलेलं उलटं ऐकायचं, कप फोडायचा, आणि शिवी खाऊन दात काढायचे. लेखकाला दोन गंभीर प्रसंगांच्या मध्ये प्रेक्षकांना हसवायचं असलं की रामा यायचा.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. मालकांकडे टीव्ही आला तो त्यानंतर चार-पाच वर्षांनी. बाबा तो दाराच्या चौकटीशी उभं राहून बघत. चिं. वि. जोश्यांच्या कथांवरची 'चिमणराव-गुंड्याभाऊ' त्यांनी अशीच उभ्याने बघितली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. बाबा गावी आले की आईला त्यातल्या फजित्या सांगत. चिमणरावाला हसायला त्यांना काही अडचण नव्हती, कारण चिमणराव स्वतःच स्वतःची फजिती सांगतो. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

वाडीत पहिला टीव्ही 1987 मध्ये आला, 'रामायण' लागलं त्या वर्षी. बाबा तोवर कायमचे गावी आलेले. त्या सुमारास 'नुक्कड' लागायची. ती त्यांची सर्वांत आवडती. सायकल दुरुस्त करणारा, दारुडा खोपडी, घरकाम करणारी बाई, सगळे एका नाक्यावरचे. बाबा एवढंच म्हणाले, "ह्यात शेट कुनी न्हाय." 1988 ची 'वागले की दुनिया'ही बसून बघायचे. अंजन श्रीवास्तव यांच्या वागल्याकडे बघून एकदा म्हणाले होते, "आसला मालक गावला आसता तर." मात्र एखाद्या कार्यक्रमात गडी आला, फडका खांद्यावर टाकून 'जी मालिक' करायला लागला, की बाबा गुरांना पेंढा टाकायला जात. रात्री नऊ वाजता. आम्हाला वाटायचं म्हातारपणी गुरांचा लळा लागला.

मी तेव्हा महाडला कॉलेजात होतो. स्नेहसंमेलनात एकांकिका बसवली होती आणि त्यात गड्याचं काम मला मिळालं. बसवणारा वरच्या वर्गातला मुलगा, बाजारपेठेतला. म्हणाला, "तुला काही करायलाच नको, तू नुसता बोल." मला तो मान वाटला. मी नुसतं बोललो नाही, वर घालून बोललो. टीव्हीत बघितलेलं सगळं घातलं. खांद्यावर फडका, एक पाय फेंगडा, चहाऐवजी छत्री आणून दिली. हॉल नुसता फुटला. असा हशा माझ्या आयुष्यात परत मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर तो अजून आठवला की बरं वाटतं. तेच तर वाईट आहे.

बाबा त्या दिवशी खताच्या कामासाठी महाडला आले होते. मला न सांगता मागे येऊन उभे राहिले, दाराशी. शेवटच्या एसटीने आम्ही दोघं पोलादपूरला निघालो. सावित्रीच्या काठाने गाडी चालली होती, आत अंधार. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोपी कुनाची हुती?"

टोपी त्यांचीच होती. मी ट्रंकेतून घेऊन गेलो होतो.

"तुमचीच."

"धुवून ठेव," म्हणाले.

त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. मला बक्षीस म्हणून मिळालेलं स्टीलचं ताट आईने वापरायला काढलं. बाबा त्यातही जेवले.

बाबा 2009 मध्ये गेले. त्याआधी नोकरीमुळे मी महाडला बिऱ्हाड केलं होतं आणि तिथे केबल होती. ते आमच्याकडे राहायला आले की 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागायची. 2001 ते 2004, अल्फा मराठीवर, केदार शिंदे यांचं दिग्दर्शन, पुन्हा प्रभावळकर. त्यांच्याच 'अनुदिनी'वरून केलेली. मराठीत टीव्हीवर घरातलं विनोदी त्याहून चांगलं झालं असेल असं मला वाटत नाही. पाच माणसं, एक घर, कुणी मुद्दाम विनोद करत नाही. आबा टिपऱ्यांच्या चष्म्यातून नातवंडांचं जग विचित्र, नातवंडांना आबा विचित्र, आणि मधल्या शेखर-श्यामलाची दोन्हीकडून ओढाताण. कुणीच कायमचा शहाणा नाही, म्हणून हसण्याची पाळी फिरत राहते. एका भागात बापाची, पुढच्या भागात पोराची. बाबा जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचे, खुर्चीवर. संपूर्ण भाग. उठले नाहीत.

शिमग्याची गोष्ट मला आत्याने सांगितली ती त्यांच्या तेराव्यानंतर. म्हणजे मी ती लहानपणी बघितलेली होती, पण कळलेली नव्हती. शिमग्याला मुंबईची माणसं झाडून गावी यायची. पालखी सहाणेवर बसली, खालू बाजा थांबला, की रात्री सोंगं. वाघ, गोसावी, नवरा-नवरी, फौजदार. बाबांचं सोंग दरवर्षी एकच. काळा कोट, काच नसलेला चष्मा, हातात छत्री. मला वाटायचं कुणीतरी साहेब आहे. साहेब घराबाहेर पडण्याआधी डब्यातली बिस्किटं मोजायचा. बोटाने, ओठ हलवत. मग दाराला कुलूप, मग पुन्हा कुलूप उघडून आत येऊन पुन्हा बिस्किटं मोजायची. दुसरा कुणीतरी रामा होऊन कोपऱ्यात नुसता उभा असायचा, एक शब्द न बोलता. एवढंच सोंग. आम्हा पोरांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. पण मुंबईहून आलेले बापे खाली बसायचे हसून हसून, डोळे पुसायचे. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला डबा असणार.

"दादाचा सोंग बगायला शेट आला आसता ना," आत्या म्हणाली, "तर त्योबी हसला आसता. आनि रातीला त्याला झोप लागली नसती."

म्हणजे माणूस तोच, नोकरी तीच, गडी आणि मालक तेच. एकाने सहाणेवर मालक केला आणि त्याच्या पोराने महाडच्या स्टेजवर गडी. हशा माझ्या वाट्याला जास्त आला.

22 जुलै 2021 ला महाड बुडालं. आमचं बिऱ्हाड तळमजल्यावर, आम्ही वरच्यांकडे गेलो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला चिखलात टीव्ही, फ्रीज, गाद्या यांचे ढीग. आमचा टीव्हीही त्यातच. त्याच पावसात तळीये गेलं, आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीत डोंगर घरांवर आला. मी चिखल उपसून वाडीत पोहोचलो तर तिथे वीज नाही, आत्या पडवीत बसलेली. आठ-दहा दिवसांनी वीज आली, डिश मात्र वाकडी झालेली. एका रात्री जेवणं झाल्यावर आत्या पुतणीला म्हणाली, "मोबाइलवर ती जत्रा दिसती न्हवं? लाव." पुतणी माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या घरात सुतक होतं, त्यांचं नात्यातलं माणूस दरडीत गेलेलं. आत्या म्हणाली, "आवाज बारीक कर, त्यांना ऐकू जाल." मग आम्ही सगळे त्या बोटभर पडद्याभोवती डोकी घालून बसलो. काय प्रहसन होतं ते आता आठवत नाही. आत्याने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. कॅमेरा सोफ्याकडे गेला तेव्हा त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

आता पुतणी महाडलाच कॉलेजात आहे. यंदा त्यांच्या स्नेहसंमेलनात प्रहसन आहे, हास्यजत्रेसारखं, आणि हिला काम मिळालंय कामवाल्या मावशीचं. पडवीत सराव चालला होता. कमरेला पदर खोचून, नाकात बोलून. चांगली करते पोरगी, मला हसू आलं आणि लगेच गिळलंही. काय बोलावं ते मला सुचेना, मी कुठल्या तोंडाने बोलणार.

आत्याने दोनदा बघून घेतलं. मग म्हणाली, "बाय, ही मावशी सांच्याला घरी जाती का न्हाय?"

"जाते की."

"मंग घरी जाऊन शेटानीची नक्कल करत आसल ना पोरांपुढं? ती दाव की."

पुतणी थोडा वेळ उभी राहिली. मग वही घेऊन बसली. चार दिवसांनी त्यांच्या प्राध्यापकांनी निरोप पाठवला की प्रहसन सात मिनिटांनी लांबलंय, कापा. ही म्हणते मावशी घरी गेल्यानंतरचं कापणार नाही, आधीचं कापेन. आत्याने ट्रंकेतून बाबांचा काळा कोट काढून उन्हात टाकलाय. कसर लागलीये, एक बाही पार गेलीये. चष्म्याची काडी मिळाली, काच तर नव्हतीच.